तळहातावरची कणी

परवा सकाळी मोशीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. यंदा थंडी जरा जोरातच पडलीय. चाकणकडं जाणारे ट्रक धुक्यातून दिवे लावून येत होते आणि आम्ही बायका स्वेटरवर स्कार्फ, स्कार्फवर मास्क असं सगळं गुंडाळून एका ओळीत उभ्या होतो. तेवढ्यात तो आला. मोपेडच्या मागं बांधलेले दोन प्लास्टिकचे क्रेट, क्रेटवर जाळी, आणि जाळीच्या आत गुलाबी, हिरवी, केशरी, जांभळी अशी चिवचिवणारी गर्दी. सिग्नलला तो थांबला आणि ट्रकांच्या त्या घरघरीतसुद्धा मला तेवढाच आवाज ऐकू आला. शेजारी उभी असलेली लाईनवरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, एकट्याच काय हसताय?" आता तिला काय सांगणार! बस आली, मी खिडकीला बसले आणि चाकण येईपर्यंत मागच्या वर्षीची अख्खी थंडी माझ्याबरोबर बसून आली.

आधी माझं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे आमच्याकडं बनतात आणि मी ते तपासते. उचलायचं, फिरवायचं, बघायचं, ओके. उचलायचं, फिरवायचं, बघायचं, रिजेक्ट. ओके हिरव्या क्रेटमध्ये, रिजेक्ट लाल क्रेटमध्ये. सतरा वर्षं मी हेच करत आले, आणि स्वतःच्या तोंडानं सांगते, माझ्या हातून वाकडी पिन सुटत नाही. लाईनवरच्या पोरी मला मागं 'रिजेक्ट मॅडम' म्हणतात. मला ठाऊक आहे. मला त्याचा रागही येत नाही, उलट जरा बरंच वाटतं.

आमचे हे भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. त्यांची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी, म्हणजे आठवड्यातून एकदा निवांत भेट होईल म्हणावं तर तीही नाही. औशाहून आम्ही इकडं आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. मागच्या वर्षी ती नर्सिंगला लातूरला गेली आणि दोन खोल्यांचं घर एवढं मोठं झालं की कुकरच्या शिट्टीला मी दचकायला लागले. त्याच थंडीत, एका रविवारी, हा मोपेडवाला आमच्या गल्लीत शिरला.

"देशी हायेत ताई, ओरिजिनल गावठी," तो म्हणाला.

"गावठी कोंबडी गुलाबी कधीपासून व्हायला लागली?"

"रंग काय ताई, लेकरांसाठी. चार दिवसांत जातो."

मी घेणार नव्हते. अगदी देवाशप्पथ. पण बघायला म्हणून एक पिल्लू उचललं आणि हाताला ते वजन लागलं. वजन कसलं, कापसाचा बोळा, पण आतून धडधडणारा. मग काय, मी आमच्या धंद्याप्रमाणं एकेक उचललं, फिरवलं, चोच बघितली, डोळे बघितले, पाय ताणून बघितले आणि सहा ओके करून बाजूला काढली, एक गुलाबी, एक हिरवं, एक केशरी, एक जांभळं आणि दोन पिवळी. मोपेडवाला बघतच राहिला. "ताई, आजवर एवढं निवडून कुणी नेलं नाही," म्हणाला. मी लय खूष. घरी येऊन पुन्हा बघितलं तर हिरव्या पिल्लाच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं. म्हणजे सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून वाकडी पिन सुटली होती!

नंतर मोबाईलवर वाचलं की अशी रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांच्या धंद्यातली नर पिल्लं असतात. नर अंडी देत नाहीत, म्हणून तिथं ती नको असतात. म्हणजे कुठंतरी माझ्यासारखीच एक बाई टेबलाशी बसून उचल, फिरव, बघ करत असणार, आणि तिच्या लाल क्रेटमधला माल मी हौसेनं घरी घेऊन आले होते. ह्यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. "तुला दुसऱ्याच्या रिजेक्शनवर ओके मारायची हौस," म्हणाले.

कोंबडी पाळायची म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्या दोघांच्याही घरी म्हशी होत्या, शेळ्या होत्या, कोंबडी कधी नव्हती. कंपनीतून आणलेलं जाड पुठ्ठ्याचं एक खोकं रिकामं केलं, तळाला वर्तमानपत्र घातलं, वरून ह्यांनी बल्ब सोडला. बल्ब असा लख्ख, की खोकं म्हणजे लग्नाचा मांडव. तरी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून नुसती ओरडत होती. मी पाणी बदललं, दाणे बदलले, अंगाईसुद्धा म्हटली, पण छे. शेवटी ह्यांनी बल्बला हात लावला आणि कपाळावर मारून घेतला.

"अगं, हा एलईडी आहे. ह्याला ऊबच नाही!"

दिवसभर तापलेल्या लोखंडाशेजारी उभा राहणारा माणूस, आणि ऊब म्हणजे उजेड नव्हे हे त्याला संध्याकाळी कळलं. मग पिवळ्या बल्बची शोधाशोध. तीन दुकानांत 'आता कोण घेतं तसले' म्हणून हात हलवले. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं माळ्यावरून एक काढला, धूळ फुंकली आणि विचारलं, "पिल्लांसाठी ना?" त्याला कसं कळलं कोण जाणे. तो बल्ब लावला आणि पाच मिनिटांत खोक्यात शांतता झाली. एकेक पिल्लू सुटं झालं, पाय ताणले, पंख सैल सोडले आणि तोंडावर पडलं. एक पडलं, दुसरं पडलं, सहाच्या सहा पडली. मी किंचाळले, "अहो, गेली सगळी!" ह्यांनी धावत येऊन एकाला बोट लावलं तर ते उठून उभं राहिलं आणि आमच्यावरच चिवचिवलं. झोपली होती बिचारी. पिल्लं अशी पालथी झोपतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

आजही बल्बचा तो पिवळा रंग कुठं दिसला की माझ्या खांद्यावरचा ताण उतरतो.

तिसऱ्या सकाळी जांभळं पिल्लू खरंच गेलं. तेही पालथंच होतं, म्हणून मला वाटलं झोपलंय. मी बोट लावलं, ते उठलं नाही. मी एका वहीत रोज सगळ्यांची नोंद करायचे, दाणे खाल्ले का, पाणी प्यायलं का, पाय कसे, शी कशी. आदल्या संध्याकाळी जांभळ्यापुढं मी माझ्या हातानं ओके लिहिलं होतं. घरमालकीणबाईंच्या शेवग्याखाली ते पुरलं आणि मी रडले. तीन दिवसांच्या ओळखीवर माणूस एवढं रडतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

आणि तिथून माझी चूक सुरू झाली. चूक म्हणजे काय, तर मी जास्त तपासायला लागले. सकाळी कामावर जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, पाचही पिल्लं एकेक करून वरून उचलायची, उलटी करायची, स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवायची, वहीत लिहायचं. वाकड्या बोटाच्या हिरवीला तर चारचारदा. तिचं नाव मी मिरची ठेवलं होतं. ते बोट सरळ होईल म्हणून मी रोज चोळायचे. दहा दिवसांत अशी वेळ आली की माझ्या चपलेचा आवाज आला की खोक्यात पळापळ व्हायची. मी वाकले की पाचही पिल्लं उलट्या कोपऱ्यात, आणि मिरची सगळ्यांच्या खाली, तोंड लपवून.

हे मात्र आमच्या ह्यांच्या बाबतीत नव्हतं. हे यायचे, हात धुवायचे आणि खोक्याशेजारी फतकल मारून जेवायला बसायचे. खोकं आडवं केलेलं असायचं. पिल्लं बाहेर यायची, ह्यांच्या पायावर चढायची, मांडीवर बसायची, एकदा तर गुलाबी पिल्लू ह्यांच्या ताटाच्या कडेवर उभं राहून वरणाकडं बघत होतं. मला जे वाटलं ते सरळ सांगते. मत्सर वाटला. दाणा-पाणी मी बघायचं, घाण मी काढायची, रडायचं मी, आणि प्रेम ह्यांना!

"काय जादू केलीत हो तुम्ही?"

"काही नाही. जेवतो."

"मग मी काय वेगळं करते?"

ह्यांनी घास गिळला आणि ताट पुढं करून वरण मागितलं. वीस वर्षांच्या संसारात ह्यांना कुठं विषय बदलायचा ते बरोबर कळतं.

आमच्या घरमालकीणबाई म्हणजे आक्का. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची जमीन कुठं रस्त्यात गेली, कुठं सोसायट्यांच्या खाली गेली. आता घरामागं चार पावलांचा एक तुकडा उरलाय, तिन्ही बाजूंनी दहामजली इमारती आणि मधे आक्कांचा हरभरा. दर वर्षी त्या तो पेरतात, भोगीच्या भाजीला घरचाच हरभरा लागतो म्हणून. बाजारातून आणलेला त्यांना चालत नाही. त्या तुकड्यातून चाललं तर आम्ही भाडेकरूसुद्धा चप्पल हातात घ्यायचो.

पिल्लं महिन्याची झाली, रंग उडाला, पंख फुटले, खोकं पुरेना. मी त्यांना अंगणात सोडलं. सोडलं म्हणजे काय, सुटलीच. माझा हात दिसताच ती उधळली ती थेट हरभऱ्यात. मी सूप घेऊन मागं, पिल्लं पुढं, आणि आक्का पायरीवर उभ्या. कोवळे शेंडे मोडले. पाच पिल्लं परत खोक्यात घालायला मला तासभर लागला. माझ्या तोंडाला फेस आला होता.

आक्का ओरडल्या नाहीत. मला वाटतं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली आल्या, मोडलेला शेंडा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "हे बघ बाई. जनावर पाळावं, न्हाई म्हणत न्हाई मी. पण ते आपल्या हाताखाली पायजे. भोगीपतुर बोलावल्यावर हाताशी आली तर ऱ्हाऊ देत. न्हाई आली तर खेडवरनं माझा पुतण्या येतो भोगीला, त्याला दिऊन टाकीन."

खेडच्या पुतण्याला कोंबड्यांची किती आवड आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांचा तांबडा रस्सा मीच दोनदा खाल्ला होता.

तीन आठवडे होते हातात. मी सगळं करून बघितलं. 'आ आ आ' करून बघितलं, ताटली वाजवून बघितली, ह्यांच्या आवाजात बोलूनसुद्धा बघितलं. एका सकाळी तपासणी चालू असताना आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मिरचीला उलटी धरली होती, ती जीव तोडून ओरडत होती.

"अगं ये, तू पिल्लं पाळतीस का बाजारात वांगी निवडतीस?"

मी म्हटलं, "आक्का, बघायला नको का? एक गेलं ना माझं."

त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. त्या खाली बसल्या, गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू. "वरनं काय येतं त्येंच्यावर, सांग बरं? घार येती, कावळा येतो. वरनं आलेला हात त्येंना घारीचाच वाटनार. त्यात तुजा हात आला की ह्यो काटा आन् ही उलथापालथ. पळणार न्हाई तर काय मुका घेत्याल तुजा? हात खाली ठिव. जमिनीला लावून. त्यात कणी ठिव आन् गप बस. धरू नकोस. बघू पन नकोस लय."

"किती वेळ?"

"ते येत्याल तवर."

वही मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली. दुपारी कामावरून आले, अंगणात पोतं अंथरलं, बसले, उजवा हात जमिनीला लावला, तळहातावर तांदळाची कणी. आणि बसून राहिले.

बाई गं, काय अवघड असतं ते! माझा हात सतरा वर्षांत रिकामा बसलेला नाही. कंपनीत एका जुडग्याला किती सेकंद द्यायचे ते ठरलेलं, घरी आल्यावर भाकरी, भांडी, धुणं. झोपेतसुद्धा माझी बोटं हलतात असं हे सांगतात. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मला मुंग्या आल्या. मनात येत होतं, कपडे राहिलेत, पीठ राहिलंय, ह्या अर्ध्या तासात दोन कामं उरकली असती. पिल्लं लांब उभी राहून माझ्याकडं तिरक्या मानेनं बघत होती. एकही आलं नाही. कणी मुंग्यांनी नेली.

दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. पण मला ऐकू यायला लागलं. शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं, ते थांबलं की मागं पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता, तो थांबला की साळुंक्यांचं भांडण. ऊन हरभऱ्यावरून सरकत माझ्या पायापर्यंत आलं. हरभऱ्याच्या पानांना एक आंबूस वास असतो, तो थंडीत जास्त येतो. पंधरा वर्षं त्या घरात राहून तो वास मला पहिल्यांदा आला. आई शेतात नेऊन पहाटेचं दव पडलेल्या हरभऱ्यावर धुतलेलं फडकं अंथरायची, मग ते पिळून आंबट पाणी बाटलीत भरायची, पोटदुखीवर औषध म्हणून. ते आंब जिभेवर आलं की आमचे डोळे मिटायचे. आईचे हात मला किती वर्षांनी दिसले त्या दिवशी.

चौथ्या दिवशी गुलाबी पिल्लू आलं. आता ते गुलाबी राहिलं नव्हतं, मानेवर नुसती छटा होती. आलं, थांबलं, मागं गेलं, पुन्हा आलं आणि माझ्या तळहातावर टकटक केलं. टोचलं नाही. गुदगुल्या झाल्या. मला एवढं हसू आलं की मी खालचा ओठ दातात धरला, हललेच नाही. आठवड्याभरात चार पिल्लं तळहातावर यायला लागली. नुसती यायची नाहीत, कणी संपली की मनगटावर चढून बसायची, पंख साफ करायची, आणि एक दिवस केशरी पिल्लू माझ्या मांडीवर पालथं पडून झोपलं. ह्या वेळी मी किंचाळले नाही. हे कामावरून आले, बघितलं, आणि चपला हातात घेऊन पाय न वाजवता घरात गेले.

मिरची मात्र येत नव्हती. ती हातभर लांब उभी राहायची, मान पुढं काढून, एक पाय वर धरून. कणी तिला हवी असायची, ते दिसायचं. पण माझा हात तिला सगळ्यांत जास्त माहीत होता ना. मीच शिकवलं होतं तिला तो किती वाईट असतो ते. मी मनातल्या मनात तिची माफी मागायचे. कोंबडीची माफी मागणारी बाई तुम्ही बघितली नसेल, मीही बघितली नव्हती.

मधे एक गंमत सांगते. कंपनीत एक नवी मुलगी आली होती, बीडकडची, पहिलीच नोकरी. मी तिच्या मागं उभी राहिले की ती सारखी वळून बघायची आणि पिन हमखास वाकडी जायची. मी रोज तिच्या खांद्यावरून हात घालून जुडगा उचलायचे. एक दिवस माझा हात तसाच वर गेला आणि मी थांबले. तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले, हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. म्हटलं, "दे, बघू." तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं, आणि जुडगा ठेवला. पिन सरळ होत्या. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली.

भोगीचा दिवस उजाडला तेव्हा मिरची आलेली नव्हती. चार येतात, एक येत नाही. आक्कांना हे माहीत होतं, त्या रोज खिडकीतून बघायच्या. मला सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळ मोकळी मिळाली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास गल्लीभर सुटला होता. मी नवी साडी नेसले होते, पण लक्ष सारखं ह्यांनी अंगणात ठोकलेल्या खुराड्याकडं. खेडचा पुतण्या आठ वाजताच आला. मोटरसायकल लावली, पायरीवर बसला, चहा घेतला. काखेत घडी घातलेलं पोतं होतं. माणूस वाईट नव्हता बिचारा, मला बघून हसला. मी काही हसले नाही.

"सोड बघू पिल्लं," आक्का म्हणाल्या. त्या हरभऱ्याच्या कडेला टोपली घेऊन भाजीसाठी घाटे तोडत होत्या.

मी खुराड्याचं दार उघडलं. पिल्लं बाहेर आली, आता चांगली पारव्याएवढी झाली होती. मी खाली बसून कणी काढणार, तेवढ्यात अंगणावरून एक सावली गेली. वर घार. खरोखरची, पंख न हलवता गोल फिरणारी. पाचही पिल्लं एकदम ओरडली आणि हरभऱ्यात घुसली, एक इकडं, दोन तिकडं.

"आरं घार, घार!" आक्का ओरडल्या.

पुतण्या पोतं पसरून धावला, "थांबा, मी धरतो!" तो वाकून वरून हात मारायला लागला आणि पिल्लं आणखी पांगली. मिरची सगळ्यांत लांब, भिंतीकडं, उघड्यावर गेली. घार खाली उतरत होती.

मला काही सुचलं नाही. चप्पल काढायचंसुद्धा सुचलं नाही. मी धावत हरभऱ्याच्या मधोमध गेले आणि नव्या साडीनिशी फतकल मारून बसले. हात जमिनीला लावला. हातात कणी नव्हती. ती तिकडंच सांडली होती. नुसता रिकामा तळवा ठेवला आणि म्हटलं, "या गं."

आली! गुलाबी आलं, केशरी आलं, मागोमाग दोन्ही पिवळी आली, मांडीत शिरली, पदराखाली घुसली. मी हलले नाही. मिरची भिंतीपाशी उभी, एक पाय वर. मी तिच्याकडं बघितलंही नाही, आक्कांनी सांगितलं होतं तसं. सावली पुन्हा गेली, या वेळी अगदी खालून. आणि वाकड्या बोटाचा तो पाय टाकत मिरची सुटली ती सरळ माझ्या हातावर, हातावर थांबलीच नाही, दंडावरून चढून काखेत शिरली आणि तोंड लपवलं. तेच तोंड लपवणं, पण ह्या वेळी माझ्यापासून नाही, माझ्याकडं. मी पदर ओढून घेतला. घार एक फेरी मारून इमारतीपलीकडं गेली. काखेत मिरचीचं काळीज असं उडत होतं की माझं कुठलं आणि तिचं कुठलं कळेना. मी रडत होते आणि हसतही होते, आणि दोन्ही मोठ्यानं.

आक्का टोपली घेऊन तशाच उभ्या होत्या. मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

"अगं बया बया बया! कोंबड्यांनी न्हाई, तूच बसलीस की गं माझ्या हरभऱ्यात!"

मी खाली बघितलं. माझ्या वाटेनं आलेला आणि माझ्या बैठकीखालचा हरभरा भुईसपाट झाला होता. पिल्लांनी महिन्यात मोडला नसेल तेवढा मी एका मिनिटात मोडला. आता संपलंच, म्हटलं. उठायचीही सोय नव्हती, पदरात पाच जीव.

पुतण्यानं पोत्याचं तोंड उघडं धरलं. "आक्का, मग भरू का?"

"भर की," आक्का म्हणाल्या. "हा मोडल्याला समदा हरभरा भर. घरी जाऊन सोला आन् खा."

"आणि कोंबड्या?"

"त्या घरच्या हायेत. घरच्यांना कुणी पोत्यात भरतं व्हय रं?"

मला तर ऐकूनही खरं वाटेना. त्या दिवशीची ती मिसळीची भाजी, हरभरा कमी पडलेली, मी आयुष्यात विसरणार नाही. संध्याकाळी लाईनवर पोरी विचारत होत्या, मॅडम, केसात हरभऱ्याचं पान कसं?

आता अंगणात चार कोंबडे आहेत आणि एक मिरची. हो, मिरची कोंबडी निघाली. त्या कुठल्या तरी टेबलापाशी बसलेल्या बाईचा डोळा चुकला आणि ती नरांमध्ये आली, मग माझा डोळा चुकला आणि ती माझ्या घरी आली. पहिलं अंडं तिनं ह्यांच्या सेफ्टी शूजमध्ये घातलं. हे फर्स्ट शिफ्टला निघाले होते, पाय घालता घालता वाचलं. आक्का कोंबड्यांच्या आरवण्यावरून रोज कुरकुरतात, पण अंडं उचलायला दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाहीत. खाली बसवत नाही तरी बसतात, हात जमिनीला लावतात, आणि मिरची तुरूतुरू येते.

परवा त्या मोपेडवाल्याला बघून मी कामावर गेले आणि दुपारी परत आले तर मागच्या तुकड्यात यंदाचा हरभरा वीतभर वर आलेला. आक्कांनी ह्या वर्षी त्याला हिरव्या जाळीचं कुंपण घातलंय. चांगलं झालं, म्हटलं. मग नीट बघितलं तर जाळीच्या बाहेर, खुराड्याच्या बाजूला, हरभऱ्याच्या दोन ओळी. एका कोंबड्याचं तिथं जेवण चाललं होतं.

"आक्का, ह्या दोन ओळी बाहेर कशा राहिल्या?"

आक्का सुपातले खडे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चुकून पेरल्या गेल्या."

मी वाकून बघितलं. सवय जात नाही. दोन्ही ओळी सुतात होत्या, दाण्यादाण्यातलं अंतर सारखं, वाफ्याला पाणी वेगळं काढून दिलेलं.

"ओके," मी म्हटलं.